चावीवाल्याचा उरलेला जेलीफिश

आमच्या गल्लीला पाणी सोडणाऱ्या माणसाला सगळे चावीवाला म्हणतात. छातीपर्यंत येणारी लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो रोज सकाळी येतो, रस्त्यातलं झाकण उचलतो, चावी खाली घालतो आणि पिळतो. बावीस वर्षं हेच काम. पाणी आलं तर त्याची कुणाला आठवण नाही, नाही आलं तर सात पिढ्यांचा उद्धार. त्या उद्धारात आम्ही सगळ्यात पुढे असतो, लपवायचं कशाला?

या माणसाने घरात चार जेलीफिश पाळले. का, तर म्हणे, "दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात. घरी आवाज नसलेलं कुणीतरी हवं होतं."

बायको म्हणाली, "त्यांना मेंदूपण नसतो म्हणे. छान जमेल तुमचं."

पहिला मिठाने गेला. याने स्वयंपाकघरातलं मीठ घातलं, बोट बुडवून चव घेतली आणि 'समुद्र झाला' असं ठरवून टाकलं. जेलीफिश विकणाऱ्या दुकानदाराने कपाळावर हात मारला. समुद्राचं मीठ वेगळं मिळतं आणि ते मोजून घालायचं असतं! दुसरा चौकोनी टाकीच्या कोपऱ्यात फाटला. कोपऱ्यात एकदा शिरला की हा प्राणी बाहेर निघत नाही, खुर्चीत शिरलेल्या आमच्या गल्ली समितीच्या अध्यक्षांसारखा. मग गोल टाकी आली. तिसऱ्याच्या घुमटाखाली हवेचे बुडबुडे अडकले, दोन दिवस तो फुग्यासारखा वर तरंगला आणि संपला.

उरला एक. त्याला पोहता येतं ते नावापुरतं. पाणी हळूहळू गोल फिरत राहिलं तरच तो अधांतरी राहतो. जोरात फिरलं तर फाटतो, थांबलं तर तळाला बसतो. म्हणून टाकीला छोटा पंप आणि पंपाला छोटा नळ. नळ केसभर पिळायचा, थांबायचं, बघायचं, पुन्हा केसभर. असं करता करता चावीवाल्याचा हात इतका हळुवार झाला की रस्त्यातली चावीही तो केसभरच पिळू लागला. पाणी यायचं, पण तिसरा मजला काही चढायचं नाही.

तीन आठवडे आम्ही अर्ज दिले. मग एका सकाळी पाणी आलंच नाही. वीस जण बादल्या घेऊन त्याच्या दारात. पुढे तिसऱ्या मजल्यावरची मावशी. ती असली की आम्ही लाउडस्पीकर आणत नाही.

"बाहेर ये रे! पाणी कुठाय?"

"हळू, मावशी!" आतून आवाज आला. "टाकी हादरतेय."

आत गेलो. चावीवाला स्टुलावर बसून टाकीत लाकडी पळी फिरवत होता. पहाटे पंप बंद पडलेला, दुकान दहाला उघडणार. टाकीत वाटीएवढा जेलीफिश, असून नसल्यासारखा.

"या शेंबडासाठी गल्ली कोरडी ठेवलीस?"

"तीन गेले, मावशी. हा एकच राहिलाय. हात थांबला की हाही गेला."

"मग बायकोला दे पळी."

बायको दारातूनच म्हणाली, "जन्मभर पळ्याच फिरवल्यात मी. तेव्हा नाही कुणी बघायला आलं."

"बरं, चावी दे. आम्ही पिळतो."

"पिळा! पाइप फुटला की बसा महिनाभर बोंबलत."

पेच पडला. मावशीने बादली आपटली, बाह्या वर केल्या. "आण ती पळी. आणि पळ!"

"अहो, भांडं घासताय का? तान्ह्या बाळाला न्हाऊ घालतात तसं..."

"तीन पोरं वाढवलीत मी. मला शिकवतोस?"

"आणि ओरडायचं नाही. अजिबात."

तो धावत सुटला. घाईत हळुवारपणा विसरला आणि जुन्या ताकदीने चावी एका दमात पिळली. गल्लीतले नळ खोकले, गुरगुरले आणि धो धो सुटले. बाहेर एकच कल्ला! आत मात्र मावशी ओठ घट्ट मिटून पळी फिरवत होती. जेलीफिश वर सरकत होता, उघडत होता, मिटत होता.

तेवढ्यात तिची सून धापा टाकत आली. "आई, चला लवकर! आपला नळ उघडाच राहिला होता, पाणी जिन्यावरून वाहतंय. मेला तो नळ तुमच्याशिवाय कुणाकडून बंद होत नाही!"

मावशीने मान वर केली नाही. आम्ही जन्मात ऐकला नव्हता असा तिचा आवाज निघाला, कुजबुजता. "वाहू दे. हात थांबला तर हा खाली बसेल."

चावीवाला घामाने निथळत परत आला आणि त्याने पळीसाठी हात पुढे केला. मावशीने कोपराने त्याला ढकललं.

"सरक. आधी माझा नळ बंद करून ये."

तो निघाला. तीन आठवडे पाणी मागणारे आम्ही वीस जण, ते बंद करायला त्याच्यामागे धावलो.