कुलूपकाकांचा शब्द

कुलूपकाका हे नाव त्यांना ऑफिसनं दिलं. ते त्यांना मनातून आवडायचं, पण कबूल कोण करतंय! वय अठ्ठावन्न, चष्मा कायम कपाळावर, आणि काम असलं की घरच्या माणसालाही समजावून सांगता येऊ नये. बायकोनं लग्नानंतर दोन वर्षं विचारून बघितलं आणि मग नाद सोडला. पाहुण्यांना ती सांगायची, "कॉम्प्युटरच्या पोटातलं काहीतरी बघतात हे." आणि ते खोटं नव्हतं.

दवाखान्यात पेशंटच्या उशाशी नाडीचे ठोके दाखवणारं मशीन असतं ना, ते त्यांची कंपनी बनवायची. त्या मशीनच्या पोटात जो मुख्य प्रोग्राम चालतो, ज्याला कर्नल म्हणतात, त्यातली कुलपं काकांच्या ताब्यात. लोखंडी नव्हेत हो. एकाच वहीत दोघांनी एकदम लिहू नये म्हणून प्रोग्राममध्ये घालतात ती. ज्याच्या हातात कुलूप त्यानं लिहावं, बाकीच्यांनी थांबावं. ऐकायला सोपं आहे, पण मध्येच इंटरप्ट येतो. इंटरप्ट म्हणजे दारावरची थाप. सेन्सर ओरडतो, ठोका आला, हातातलं टाक आणि आधी माझं बघ! प्रोसेसर हातातलं काम अर्धवट टाकून धावतो. आता त्या अर्धवट कामानंच कुलूप धरून ठेवलेलं असेल, आणि थापेला धावलेल्यालाही तेच कुलूप हवं असेल, तर झालं कल्याण! किल्ली स्वतःच्याच खिशात, आणि ती मिळेल म्हणून माणूस दाराबाहेर उभा. मशीन ठप्प. म्हणून कुलूप हातात घेण्याआधी थापा तेवढ्यापुरत्या बंद करायच्या, हा काकांचा नियम. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तो शिकवायचे, आणि कुणी विसरलं की चारचौघांत त्याची बिनपाण्यानं करायचे.

काकांच्या टीममध्ये नऊ वर्षं एक बाई होती. तिला सगळे शंकाबाई म्हणायचे, कारण भिंतीवरचं घड्याळसुद्धा बरोबर आहे की नाही हे ती मनगटावर बघून ठरवायची. "काका, हे असंच का? तसं केलं तर काय बिघडेल?" दिवसातून दहा वेळा. काका वैतागायचे, "डोकं खाऊ नकोस गं!" म्हणायचे. पण मूलबाळ नसलेल्या माणसाला डोकं खाणारं कुणी असलं की बरंही वाटतं. एखाद्या दिवशी ती रजेवर असली तर काकांचा डबा अर्धा परत जायचा.

एकदा तक्रार आली, की मशीनची धोक्याची घंटी उशिरा वाजते. का उशीर होतो ते शोधायचं, तर प्रत्येक ठोका आला त्या क्षणी त्याची नोंद व्हायला हवी. नोंदी लिहिणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा तेवढा तुकडा, तयारच होतं, काकांनी सहा वर्षांपूर्वी लिहिलेलं. शंकाबाईनं ते इंटरप्टमधून बोलवायचं, म्हणजे ठोक्याच्या प्रत्येक थापेला चालवायचं ठरवलं आणि आपल्या स्वभावाप्रमाणे विचारायला आली. काका जेवत होते.

"काका, तुमचं नोंदीचं फंक्शन इंटरप्टमधून बोलावलं तर चालेल ना?"

"अगं, माझं आहे ते! डोळे झाकून टाक."

आणि त्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा डोळे झाकले.

तो बदल दवाखान्यांतल्या मशीन्सवर गेला, आणि दोन महिन्यांत तीन दवाखान्यांतली मशीन्स अडकली. जुन्या मॉडेलात अडकल्यावर आपोआप पुन्हा सुरू व्हायची सोय नव्हती. आणि अडकलेलं मशीन काळं पडत नाही हो, शेवटचा आकडा तसाच दाखवत बसतं. एका म्हाताऱ्याची नाडी वीस मिनिटं अठ्ठ्याहत्तर दिसत होती, आणि तिकडे म्हातारा गार पडत चालला होता. नर्सनं सहज त्याचा हात हातात घेतला म्हणून कळलं. जीव वाचला, वाचा गेली.

साहेबांनी मीटिंग बोलावली. शेवटचा बदल कुणाचा? शंकाबाईचा. "हे इंटरप्टमधून बोलावलेलं चालेल, असं तुम्हाला कुणी सांगितलं?" साहेबांनी विचारलं. तिनं एकदा काकांकडे बघितलं. काका पेनाचं टोपण काढत होते, घालत होते. आपलं कोड बरोबरच असणार, उगाच मध्ये कशाला पडा, असं ते मनाला समजावत होते. खरं सांगायचं तर त्यांची पाचावर धारण बसली होती.

"मीच ठरवलं," ती म्हणाली.

त्याच दिवशी ती सामान पिशवीत भरून गेली. साहेबांनी दवाखान्यांना पत्र पाठवलं: चूक करणाऱ्या व्यक्तीला कामावरून कमी केलं आहे. तिचा बदल काढून टाकला, मशीन्स अडकायची थांबली, आणि सगळ्यांच्या लेखी विषय मिटला.

काकांच्या लेखी नाही मिटला. अन्न गोड लागेना. टेबलावर त्यांनी एक जुनं मशीन मांडलं, तिचा बदल त्यात पुन्हा घातला आणि राखण करत बसले. ते अडकेचना! लाखात एखादा ठोका नेमक्या वेळी यावा लागायचा. अडकलं तेव्हा एकोणिसावा दिवस होता, आणि काय झालं ते सांगणारी नोंद अर्ध्यावर तुटलेली. लिहिणाराच अडकला होता. काकांनी आपलं जुनं फंक्शन उघडलं. कुलूप घेतलं होतं, पण थापा बंद केल्याच नव्हत्या. तेव्हा ते साध्या कामातूनच बोलावलं जायचं, म्हणून सहा वर्षं खपून गेलं. वर काकांचं नाव.

दुरुस्ती एका ओळीची. गुपचूप करून टाकली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. खोटं कशाला बोला, तासभर तोच विचार त्यांनी केला. मग ते साहेबांकडे गेले.

"चूक माझी आहे. आणि तिनं मला विचारलं होतं."

"पत्र गेलंय काका," साहेब म्हणाले. "झाकली मूठ राहू द्या ना. दोन वर्षांत रिटायर होताय, कशाला शोभा करून घेता?"

"दुसरं पत्र तुम्ही पाठवा, नाहीतर मी पाठवतो."

साहेबांनी चरफडत पाठवलं. तिला परत घ्यायलाही तयार झाले. ते सांगायला काकांनी घरी येऊन स्वतः फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "नोकरी गेली त्याच आठवड्यात लक्षात आलं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"बघितलं होतं ना तुमच्याकडे, मीटिंगमध्ये. चूक काय, कुणाचीही होते. 'हो, तिनं मला विचारलं होतं,' एवढंच म्हणायचं होतं तुम्ही."

"चुकलो गं पोरी. परत ये."

"येते. ते काम मला आवडतं." "पण मला दुसऱ्या टीममध्ये टाकायला सांगा. तुमचा शब्द आता मला तपासून घ्यावा लागेल, आणि ते मला जमायचं नाही, काका."

फोन ठेवला तेव्हा बायको दारातच उभी होती. "काय म्हणाली?"

"येते म्हणाली."

"अहो, मग झालं की सगळं नीट!" ती म्हणाली आणि कौतुकानं त्यांचं ताट वाढायला गेली.