निंदणाची भाजी आणि मायचे दात

माझ्या मायवर, सुमनवर, अन्याय झाला. कधी, तेही सांगते. ज्या आषाढात आमच्या वावरात पहिल्यांदा तण मारायचं औषध फवारलं, त्या आषाढात. मला तो अन्याय दिसला पुढच्या वर्षी, कपाशीवरच्या बोंडअळीच्या हंगामात, मी दारव्ह्याहून पुण्याला नोकरीला निघाले त्या सकाळी. जीपजवळ मायनं मला पेरू दिला आणि माझ्यासोबत खायचं म्हणून एक स्वतः चावला. पेरू रक्तानं लाल झाला. पुढचा दात हलत होता. तिनं पदर तोंडाला लावला.

"जाय तू. जीप कायले थांबवून राह्यली?"

मी गेले.

औषध येण्याआधी दर श्रावणात बाया वावरात निंदायला, म्हणजे तण काढायला, जायच्या. निंदता निंदता तांदुळजा, घोळ, चिवळ अशी रानभाजी ओटीत पडायची. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अंबाडी असायची, कपाशीच्या मधात मुगाचं तास, एक ओळ. संध्याकाळी ज्वारीची भाकर, आंबट भाजी, कच्चा कांदा. त्याला कोणी पौष्टिक आहार म्हणत नव्हतं. ते जेवण होतं.

मग औषधाच्या दुकानदारानं बाबाला सांगितलं, "भाऊ, एक फवारा मारा, निंदणाची झंझटच नाही." तण गेलं. भाजी गेली. बायांचं काम गेलं. फवाऱ्यानं मूगही मरायचा, म्हणून मुगाच्या तासातही कपाशी आली. कपाशी खाता येत नाही.

मायच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. आमच्याकडे रक्त आलं की चावणं सोडतात. कांदा बंद, फळ बंद, भाकर बंद. गोड चहात टोस बुडवायचा, पुन्हा चहा, पुन्हा टोस. ठणका लागला की तंबाखूची चिमूट दाबायची. शेजारची गंगामावशी म्हणायची, "सुमन, तू तं नवी नवरी झाली वं, तोंड झाकून बसते."

इथं पुण्यात कंपनीच्या कँटीनमध्ये मला रोज काकडी, गाजर, लिंबाची फोड मिळते. अर्धे लोक ती फोड ताटात तशीच टाकून उठतात.

दिवाळीत गावी गेले तेव्हा मायला यवतमाळला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हिरड्यांना ताजी भाजी आणि आंबट फळं लागतात, दातांना दूध, तीळ, डाळ. दिवसभर साखर तोंडात राहिली की दात किडतात. तंबाखू तर सोडाच. मग विचारलं, "पालेभाजी का खात नाही?"

"वावरात फुकट होती, साहेब. ते आमीच मारली."

समोरचे चार दात काढावे लागले. हिरड्यांचा इलाज केला, खाणं बदललं, तर बाकीचे राहतील. नाही तर तेही जातील. सध्या रोज दात घासताना रक्त येतं, असं बाबा सांगतात. मी फोनवर विचारते, ती म्हणते, "ठीक आहे." तिला काही ठीक नाही.

घर म्हटलं की आता मला तो धुरा दिसतो, ज्यावर खायजोगं एक पान नाही.

गावात राहिलेल्यांनो, या पेरणीला घराजवळचा एक तुकडा फवाऱ्यापासून दूर ठेवा. तिथं अंबाडी, तांदुळजा, मूग पेरा. आणि माझ्यासारख्या गेलेल्यांनो, गावी बिस्किटाचे पुडे नेणं बंद करा. या खेपेला मायला उजेडात बसवा, तोंड उघडायला सांगा. रक्त दिसलं तर दवाखाना दाखवल्याशिवाय परत निघू नका.