स्वयंपाकघराच्या जाळीची नक्षी

मैत्रिणींनो, दुपारपासून हातात क्ले घेऊन नुसती बसलेय. सांगूनच टाकते.

तुम्हाला माहीतच आहे, मी एअर ड्राय क्लेची बोहो कानातली आणि नक्षीच्या डब्या करते. नक्षीसाठी साचे विकत आणत नाही. ओली क्ले सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीच्या जाळीवर दाबते. पिपलानीतल्या आमच्या कारखान्याच्या जुन्या क्वार्टर्सना सगळीकडे हीच जाळी.

आज एक मुलगी ऑर्डर न्यायला घरी आली. एम. पी. नगरात नोकरी करते. डबीच्या झाकणावरून तिने बोट फिरवलं आणि थबकलीच.

"काकू, ही किचनची जाळी ना? पापा रिटायर होईपर्यंत आम्ही पण इथेच, मागच्या लाइनीत राहायचो. एक बार देख लूं?"

मी म्हटलं, "अगं, ये की आत."

ती आत आलीच नाही. घराला वळसा घालून मागे गेली, बाहेरून जाळीला नाक टेकवलं आणि हळूच म्हणाली, "आई, भूक लागली."

मी आत ओट्यापाशी उभी. तोंडून आपसूक निघालं, "आधी हातपाय धुऊन ये."

तिची आई आता नाही, हे तिने निघताना सांगितलं.

यांची रिटायरमेंट जवळ आलीय. क्वार्टर आम्हालाही सोडायचंय. आमचा मुलगा पुण्यात, तोही याच खिडकीतून ओरडायचा. म्हणून उरलेली सगळी क्ले आता जाळीवर दाबायला घेतलीय.

नक्षी तर नेईन बरोबर. पण ती हाक कशावर उमटवून नेऊ, सांगेल का कोणी?