अभिषेकाचा तांब्या कुत्र्याच्या डोक्यात घातला

मैत्रिणींनो, आज सकाळी जाऊबाईंबरोबर महादेवाला निघाले होते. नवी पेठेतल्या आमच्या बोळात शेजारच्या काकूंचा दांडगा कुत्रा मोकळाच सोडलेला.

"काही करत नाही ओ तो," काकू म्हणाल्या, तोवर त्यानं जाऊबाईंची पोटरी धरली. मांस फाटलं तरी सोडेना. शेवटी मी अभिषेकाचा पितळी तांब्या त्याच्या डोक्यात तीनदा घातला, तेव्हा सुटला.

"मुक्या जिवाला मारता? आणि म्हणे सोमवार करता!" काकू ओरडल्या.

"त्याला रेबीजची सुई दिलीय का, तेवढं सांगा."

"यांना विचारून सांगते."

जाऊबाईंच्या सुया सुरू झाल्या. काकूंनी अजून सांगितलेलं नाही.

तांब्या घासला. रक्त गेलं, पोचा राहिला. पुढच्या सोमवारी त्यानंच महादेवाला पाणी घालणार आहे. तुम्ही घातलं असतं का?