ब्रेकचं नंतर बघू

गॅरेजच्या भिंतीवर माझ्या धाकट्या भावानं खडूनं खर्चाची यादी लिहिलीय. जुन्या अमेरिकन गाडीची हुबेहूब नक्कल बनवतोय तो. मोठं इंजिन, बॉनेटवर काळे पट्टे, रुंद टायर, कानठळ्या बसवणारा सायलेन्सर, सगळ्यापुढे आकडे. ब्रेकपुढे मात्र ‘नंतर बघू’. माझं डोकंच फिरलं.

"अरे, एवढं इंजिन या जुनाट ब्रेकवर थांबणार आहे का?"

"ताई, ब्रेक कुणाला दिसतात?" तो हसला.

खरंय. आपल्याकडे मिरवायचं म्हटलं की पैसा निघतो. जीव वाचवायचं म्हटलं की नंतर बघू! रागानं मी वळले, तर अर्धवट गाडीच्या बंपरला ताजी लिंबू-मिरची लटकत होती. दर शनिवारी न चुकता बदलतो म्हणे. यादी पुन्हा पाहिली. लिंबू-मिरचीचे पैसे वर्षभराचे धरलेले होते.