मागील चाकापासून उत्पन्न होणारा ध्वनी

ऑफिसातले किस्से कोणी जमवायला बसत नाही. सोळा वर्षं एकाच टेबलाशी टायपिंग केलं की ते आपोआप साठतात, आणि एकीने एक काढला की दुसरीला दोन आठवतात. नागपुरात बर्डीजवळच्या आमच्या ऑफिसातल्या आम्ही चौघी-पाचजणी अजूनही हळदीकुंकवाला भेटलो, की चहा यायच्या आत विषय सायकलींवर जातो. ऐकणारे हसतात. मला मात्र आजही राग येतो, हे आधीच सांगून ठेवते.

राग कशाचा, तर सायकलच्या मागच्या चाकाचा. पायडल मारत असलो तर ते चूप असतं. पाय थांबले आणि सायकल नुसती घरंगळायला लागली, की आतलं फ्रीव्हील कर्रर्र बोलायला लागतं. ग्रीस भरलं की आवाज दबतो, रॉकेलने धुतलं की वाढतो. माझं मत विचाराल तर मला तो आवाज मुळीच आवडत नाही. डोकं उठतं! माझी लेडीज सायकल मी अशी ठेवलेली, की मी फाटकातून आत आले तरी चपराशाला पत्ता लागत नसे. पण मला आवडत नाही ही एक गोष्ट, आणि दुसरीने तो करू नये असा हुकूम काढणं ही वेगळी गोष्ट!

*

आवक-जावकला ठवकर म्हणून होते. त्यांनी नवी सायकल घेतली आणि पहिल्याच रविवारी फ्रीव्हील रॉकेलने धुवून घेतलं, खास आवाजासाठी. सोमवारी फाटकाच्या पन्नास पावलं अलीकडेच त्यांनी पाय थांबवले आणि कर्रर्र करत ऐटीत स्टँडपर्यंत आले. सगळे पुरुष व्हरांड्यात हजर, जसं काही विमान उतरतंय!

आमचे हेडक्लार्क, त्यांना सगळे बडेबाबू म्हणायचे, तेसुद्धा खुर्ची सोडून आलेले. "वा ठवकर! काय गाऊन राहिली गा तुमची सायकल! मर्दाची सायकल अशी पाहिजे. दुरून समजलं पाहिजे का माणूस येऊन राहिला."

पुढे आठवडाभर टिफिनच्या सुट्टीत वाद. निम्मे म्हणायचे गोड आवाज आहे, निम्मे म्हणायचे नुसती किटकिट. मग सायकली उलट्या ठेवून, चाकं फिरवून, कोणाचं चाक जास्त वेळ बोलतं याची शर्यत लागली. सुट्टी संपून वीस मिनिटं झाली तरी ऑफिस अंगणातच. मी खिडकीतून म्हटलं, "बडेबाबू, टपाल पडलंय सगळं."

"थांबा ना बाई," बडेबाबू म्हणाले, "चाक नाही थांबलं अजून!"

*

त्याच वर्षी कुसुम ढोके आमच्याकडे लागली. कळमेश्वरकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी, धंतोलीत एक खोली घेऊन एकटी राहायची. जागा टेंपररी. कायम झाली असती तर गावाहून आईला आणणार होती. भावजयीच्या राज्यात आईचे हाल चालले होते. आणि मार्चपर्यंत कायम झाली नाही, तर तिची जागाच संपणार होती. ऑर्डर निघायची ती बडेबाबूंच्या शेऱ्यावर.

कुसुम यायची भावाच्या जुन्या जेन्ट्स सायकलवर, साडीचा पदर खोचून. त्या सायकलने गावाकडची इतकी धूळ खाल्ली होती, की तिच्या आवाजापुढे ठवकरांची सायकल म्हणजे लहान पोर. पहिल्या दिवशी ती आली आणि लोक व्हरांड्यात धावले, ते ठवकर आले समजून. पाहतात तर बाई! एकही "वा" निघाला नाही.

बडेबाबूंनी तिला टेबलाशी बोलावलं. "बाई, बाईमाणसाच्या सायकलले एवढा आवाज शोभते का?"

कुसुम म्हणाली, "काहून बडेबाबू? सायकलले काय माहीत, वरतं बाई बसली का माणूस!"

*

माझ्या सासूबाईंचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट. धंतोलीतल्या एका दवाखान्यात त्या होत्या. ऑफिस सुटल्यावर मी डबा घेऊन निघाले, सोबत कुसुम. फाटकावर गेटवाल्याने हात आडवा केला. "उतरा, उतरा! पेशंट झोपून राहिले. सायकल हातात धरून चला."

आम्ही उतरलो. आता ज्याने सायकल चालवली आहे त्याला ठाऊक आहे, की सायकल हातात धरून ढकलली की पायडल हलत नाही आणि फ्रीव्हील सारखं बोलत राहतं. कुसुमची सायकल खोल्यांच्या खिडक्यांखालून कर्रर्र करत चालली. खिडक्यांतून नातेवाईक डोकावले, एक बाळ रडायला लागलं. डॉक्टर स्वतः बाहेर आले. "काय चाललंय? कोण आवाज करतंय?"

"डॉक्टरसाहेब, हे दादा म्हणतात उतरा. उतरलं का ती बोलते," कुसुम म्हणाली. "मले बसू द्या, एकदम चूप राहीन."

"नियम नाही साहेब!" गेटवाला ओरडला.

डॉक्टरांनी एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा रडणाऱ्या बाळाच्या खिडकीकडे. "बसा बाई," म्हणाले. कुसुम टांग टाकून बसली आणि पायडल मारत, मान ताठ ठेवून, अख्खं अंगण पार करून गेली. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

मीही बसायला गेले, तर गेटवाल्याने माझं हँडल धरलं. "तुमची नाही ना आवाज करत? मंग तुम्ही उतरूनच चला!"

*

मेमो निघाला डिसेंबरात, आणि तो टाइप करावा लागला मला. ऑफिसात टायपिस्ट मी एकटी, दुसऱ्या कोणाला सांगणार! शब्द अजून पाठ आहेत. "तात्पुरत्या लिपिक कु. कुसुम ढोके यांच्या सायकलीच्या मागील चाकापासून उत्पन्न होणाऱ्या ध्वनीमुळे कार्यालयीन कामकाजात व्यत्यय येत असून, सदर ध्वनी तात्काळ बंद करण्यात यावा. अन्यथा सदर बाबीची गोपनीय अहवालात नोंद घेण्यात येईल."

मी विचारलं, "बडेबाबू, ठवकरांचा मेमो वेगळा काढायचा का?"

"त्यांचा काहून? त्यांची सायकल नवी आहे."

अंगाचा तिळपापड झाला. तरी टाइप केला, कारण मलाही नोकरी होती. त्याची लाज मला अजून वाटते. कागद कुसुमला द्यायची वेळ आली तेव्हा मी तिच्या डोळ्यांत पाहू शकले नाही. तिने तो वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "तुमचं टायपिंग सुंदर हाय मालतीताई. एक बी खाडाखोड नाही."

*

मेमोला लेखी खुलासा द्यावा लागतो. कुसुमने तो हातानेच लिहिला, मला त्यात घेतलं नाही. तो असा होता: "माझी सायकल काम करीत असताना पूर्ण शांत असते. काम थांबले म्हणजेच ती आवाज करते. या कार्यालयात काम थांबवून आवाज करणारी ती एकटी नाही, तरी मेमो तिला एकटीलाच का, हे कळावे ही विनंती."

बडेबाबूंनी तो तीनदा वाचला. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला. मग माझ्या टेबलाशी येऊन हळूच विचारलं, "बाई, हे माह्याबद्दल तर नाही ना?"

*

पण खुलाशाने काय होणार! शेरा त्यांच्या हातात, आणि मार्च जवळ येत चाललेला. शेवटी मीच कुसुमला घेऊन युसुफ मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी चाक फिरवून कान लावला. "ताई, इतना अच्छा बोल रही है, काहे को मुँह बंद करते?" कुसुम रस्त्याकडे पाहत उभी राहिली. मी म्हटलं, "भरा ग्रीस मिस्त्री, नोकरीचा सवाल आहे."

ग्रीस भरलं. आवाज गेला. येताना मी सारखी मागे वळून बघत होते, कुसुम आहे की नाही ते कळेना. ज्या आवाजाने माझं डोकं उठायचं, तो बंद झाल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं!

दुसऱ्या दिवशी बडेबाबू खुशीत. "बघा, कशी सुधारली सायकल!" त्यांनी कुसुमची गोपनीय फाईल काढली, पण शेरा काही लिहिला नाही. म्हणाले, "महिनाभर पाहू, आवाज परत तर येत नाही ना."

*

आता यातलं जे खरं सांगायचं ते.

कुसुम डबा आणत नसे. दीडला सुट्टी झाली की खोलीवर जाऊन गरम जेवायची आणि दोनला, घड्याळ लावून घ्यावं अशी, परत यायची. बडेबाबू मात्र डबा खाऊन खुर्चीतच झोपायचे. रोज दोनला उठायचे, चष्मा लावायचे, फाईल उघडायचे. आम्हाला वाटायचं, काय सवय आहे माणसाला!

ग्रीस भरल्यानंतरचा तो पहिलाच दिवस. त्या दुपारी वरचे मोठे साहेब तपासणीला आले. शेजारच्या ऑफिसातलं काम आटोपून पायीच आले, त्यामुळे जीपचाही आवाज नाही. दोन वाजून वीस मिनिटं झालेली. कुसुम केव्हाची येऊन कामाला लागलेली, आणि बडेबाबू टेबलावर डोकं ठेवून घोरत होते. कोणाची उठवायची हिंमत होईना, आणि खरं सांगते, मला तर इच्छाही होईना.

साहेबांनी टेबलावर टकटक केलं. बडेबाबू दचकून उठले, समोर साहेबांना पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि मग कुसुमकडे पाहून ओरडले, "अवं, तू आली केव्हा?"

साहेबांनी लेखी खुलासा मागितला, आत्ताच्या आत्ता. बडेबाबूंनी तो घाम पुसत मला सांगितला, मी टाइप केला. यावेळी मी एकेक अक्षर मन लावून टाइप केलं. "कु. ढोके या दररोज ठीक दोन वाजता सायकलीच्या आवाजासह कार्यालयात येतात व त्यावरून मधली सुट्टी संपल्याचे समजते. आज त्या नेहमीचा आवाज न करता, कोणतीही पूर्वसूचना न देता आल्याने सदर चूक घडली."

मी विचारलं, "बडेबाबू, नक्की असंच लिहायचं?"

"जे खरं आहे ते लिहा बाई!"

खुलासा घेऊन मी साहेबांच्या पुढे गेले. साहेबांनी तो वाचला. "आवाज न करता म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. मी डिसेंबरातल्या मेमोची कार्बन कॉपी काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती वाचली, परत खुलासा वाचला, आणि कुसुमला बोलवा म्हणाले. तिची गोपनीय फाईलही मागवली. कायम करण्याबद्दलच्या शेऱ्याचा रकाना कोराच होता. बडेबाबू भिंतीशी उभे, हातात चष्मा.

कुसुम आली. साहेबांनी दोन्ही कागद तिच्याकडे वळवले. "बाई, डिसेंबरात तुम्ही आवाज करता म्हणून मेमो. आज आवाज करत नाही म्हणून तक्रार. तुम्हीच सांगा, तुमच्या सायकलने आवाज करावा की करू नये?"

कुसुमने कागदांकडे पाहिलंसुद्धा नाही. फाईलमधल्या त्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, "ते माह्यावर सोडा ना साहेब. तुम्ही फक्त इथं सही करा."

साहेबांनी एकदा बडेबाबूंकडे वळून पाहिलं. मग त्यांनी फाईल पुढे ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.