चुकलेली टॅकल्स

अमेरिकन फुटबॉल हा खेळ मला कधीच आवडला नाही. तरीही दोन हजार चार-पाचच्या सुमारास सिंगापुरात माझं पोट त्याच्यावरच चालत होतं. बुकित पंजांगच्या फ्लॅटमधून एलआरटी आणि पुढे एमआरटी पकडून सोमवारी नऊला ऑफिसात पोचायचं, तोवर तिकडच्या रविवारच्या सामन्यांचं चित्रण आलेलं असायचं. एकेक डाव चारदा पाहायचा आणि बचावातल्या प्रत्येक खेळाडूच्या नंबरापुढे नोंद करायची: पाडलं, हुकलं, की स्वतःच ढकलला गेला. या नोंदी तिकडचे क्लब विकत घ्यायचे. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं हे ठरवताना त्या समोर असायच्या.

त्याआधी मुंबईत मी बावीस वर्षं बँकेत होतो. चव्वेचाळिसाव्या वर्षी मला स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावली. स्वेच्छा नेमकी कुणाची, हे विचारायची सोय नव्हती. मेहुण्याच्या ओळखीने ही नोकरी मिळाली. माझी सुपरवायझर पुण्याची, माझ्या निम्म्या वयाची. तोंडाने काका म्हणायची आणि काम मात्र सख्ख्या काकालाही सोडलं नसतं असं करून घ्यायची.

मला नेमून दिलेल्या संघात एक लाइनबॅकर होता. चेंडू घेऊन येणाऱ्याला मधेच गाठून आडवा करणं, म्हणजे टॅकल करणं, हे त्याचं काम. वय पस्तीस, म्हणजे त्या खेळात म्हातारा. बारा वर्षं एकाच क्लबात काढलेली. डाव सुरू व्हायच्या आधी तो हाताने खुणा करून पोरांना इकडेतिकडे सरकवायचा आणि चेंडू बरोबर तिथेच यायचा. त्याला कळत सगळं होतं, पाय पोचत नव्हते. अर्धं पाऊल उशीर व्हायचा. मैदानावर तो उशीर कुणाच्या लक्षात येत नसेल, पण मी सगळं सावकाश फिरवून पाहायचो. मला तो लख्ख दिसायचा.

बँकेत आमच्या टेबलांच्या रांगेत एक बुजुर्ग हेडक्लार्क होते. शेवटची दोन वर्षं त्यांचं कामात लक्ष राहिलं नव्हतं. त्यांच्या चुका आम्ही चारपाच जण जेवणाच्या सुट्टीत गुपचूप दुरुस्त करायचो. याला आम्ही सांभाळून घेणं म्हणायचो आणि त्यात कुणालाच काही गैर वाटायचं नाही. मला पुढे कुणी सांभाळून घेतलं नाही, ही गोष्ट वेगळी.

एका सोमवारी तो लाइनबॅकर सपशेल हुकला. समोरचा त्याच्या हाताखालून निसटून गेला. 'हुकलं' असं लिहायला गेलो आणि हात थबकला. आमच्या यादीत 'अस्पष्ट' असाही एक पर्याय होता, कॅमेऱ्यात नीट न दिसलेल्या डावासाठी. मी तो निवडला. यात कुणाचं नुकसान नव्हतं, दुसऱ्या कुणावर ढकलत नव्हतो. तपासणारी मंडळी दहातला एखादाच डाव पाहायची. त्या आठवड्यात मी दोन 'अस्पष्ट' लिहिले, पुढच्या आठवड्यात तीन. मग सवयच लागली. खरं सांगायचं तर मजा येऊ लागली. मला एका सहीने घरी पाठवणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून मी इथे एकाला वाचवत होतो.

सीझन संपल्यावर बातमी आली की क्लबाने त्याच्याशी आणखी एका वर्षाचा करार केला. वय झालं तरी त्याची चुकलेली टॅकल्स वाढलेली नाहीत, असं त्यांचा कुणी अधिकारी म्हणाला होता. मी बायकोला आणि मुलीला हॉकर सेंटरवर जेवायला घेऊन गेलो. मुलगी म्हणाली, "बाबा, यू विन समथिंग आह?" मी म्हटलं, असंच समज.

नवा सीझन सुरू झाला. तिसऱ्या सोमवारी त्याचा एक डाव समोर आला. त्याने नेहमीसारखी खूण केली, चेंडू त्याच्याच बाजूला आला, आणि त्याला नेहमीसारखा उशीर झाला. आता अर्धं नाही, चांगलं एक पाऊल. वेळेवर पोचलेला माणूस छातीने भिडतो. उशीर झालेला मान खाली घालून स्वतःला झोकून देतो. त्याचं डोकं समोरच्याच्या मांडीवर आदळलं. समोरचा पळून गेला. हा पालथा पडला तो हललाच नाही.

नियमाप्रमाणे तो डाव मला चारदा पाहावा लागला. तिसऱ्यांदा पाहताना मी चित्र मधेच थांबवलं. सुपरवायझर मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काका, हा डाव पूर्ण करा ना. क्लायंटला अकराला पाठवायचंय."

मी त्याच्या नंबरापुढे 'हुकलं' असं लिहिलं. वर्षभरात त्याच्या चुकीची मी केलेली ती पहिली खरी नोंद. स्वच्छ दिसत होतं, लपवायला जागा नव्हती, आणि लपवून आता कुणाचं काही भलं होणार नव्हतं. पुढचा डाव लावला. त्याच्या जागी कोणी तरी दुसरा उभा होता, त्याचीही नोंद केली. अकराला फाइल गेली. मला स्वतःची किळस आली, तरी दुपारी मी डबा खाल्ला.

दीड महिन्याने छापून आलं की त्याला मानेखाली काही हलवता येत नाही, आणि यापुढेही येणार नाही. त्या संध्याकाळी मी जेवताना बायकोला ते सांगितलं. 'अस्पष्ट'चं सांगितलं नाही. ते मी तिला आजवर सांगितलेलं नाही.

तिने आमटी वाढता वाढता विचारलं, "वय काय त्याचं?"

"छत्तीस."

"बिचारा," ती म्हणाली. "कुणीतरी त्याला वेळेवर घरी बसवायला हवं होतं, नाही का हो?"

मी हो म्हटलं.